हातचा

त्या रात्री शामांकुलोच्या शाळेत
मेज क्रमांक चौदा माझ्याकडे होतं.
तेच मेज, ज्यावर एरवी मी चौथीच्या वह्या तपासते,
एक पाय आखूड,
त्याखाली काड्यापेटीची घडी.

निळी चिठ्ठी महापौराची, पिवळी नगरसेवकांची.
मी एकेक उलगडून मोठ्याने वाचायची
आणि झेफानियास फळ्यावर रेघ ओढायचा.
चार उभ्या, पाचवी आडवी.
चार उभ्या, पाचवी आडवी.
खडूचं कुंपण खिडकीपर्यंत पोचलं
तेव्हा वीज गेली.

वीज काय, जातेच.
पण समोरच्या बारमध्ये पंखा फिरत होता.
मी मतपेटीवर बसले. खरंच बसले,
अंड्यांवर कोंबडी बसते तशी,
चावी ब्लाउजमध्ये खोचून.
दोन्हीकडच्या पोरांनी मोबाइलचे दिवे धरले.
माझ्या तोंडावर नको रे, म्हटलं,
कागदावर धरा.

रात्री दोनला हिशोब जुळला.
यादीत नावं सातशे बारा,
आलेली माणसं पाचशे शेहेचाळीस.
महापौराला, दोन नंबरला तीनशे एकोणनव्वद,
एक नंबरला एकशे एक्केचाळीस,
सोळा बाद.
बादमधल्या एकीवर कुणीतरी लिहिलं होतं:
आमच्या गल्लीतलं पाणी.
एवढंच. पुढे काही नाही.
सगळ्यांनी सह्या केल्या,
एक नंबरच्या माणसानेसुद्धा, जांभई देत.

सकाळी रेडिओने भलत्यालाच महापौर केलं.
पालिकेच्या भिंतीवर पत्रक लागलं होतं.
मी चष्मा पुसून मेज चौदा शोधलं.
माझेच आकडे, माझंच वळण,
फक्त एकशे एक्केचाळीसच्या अलीकडे
एक बारीकसा एक उभा होता,
रांगेत मध्येच घुसलेल्या माणसासारखा,
कुणाकडे न बघता.
अकराशे एक्केचाळीस.
सातशे बारा नावांतून.

हातचा कुठून येतो
हे शिकवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली.
एकं भरले की दशकाकडे,
दशक भरले की शतकाकडे.
घर भरल्याशिवाय हातचा निघत नाही, पोरांनो,
तो आभाळातून पडत नाही.

निरीक्षक दोनदा येऊन गेले.
दोना एर्मेलिंदा, थकव्यात चूक होते माणसाकडून.
पेन्शनला किती राहिली?
तीन वर्षं, म्हटलं.
तीन, ते म्हणाले, आणि चहा अर्धा ठेवून उठले.

मग टायर जळले. बाजार मिटला.
शेजारणीने धुराच्या भीतीने
दोरीवरच्या ओल्या चादरी आत घेतल्या
आणि त्या ओल्याच घडी घातल्या.
झेफानियास त्या गुरुवारी पाव आणायला गेला.
त्याची आई मला काही विचारत नाही,
नुसती दारात येऊन उभी राहते,
मी तिला खुर्ची देते.

कोर्ट म्हणालं, अठ्ठेचाळीस तासांत मूळ प्रत आणा, शिक्क्यासकट.
शिक्का ज्या कचेरीत, ती अठ्ठेचाळीस तास बंद.
माझ्याकडे कार्बनची प्रत आहे,
निळी, जरा पसरलेली,
तांदळाच्या डब्यात तळाशी.
आयुष्यात कधी जमलं नाही मला
हातचं राखून वागणं.
आता जमतंय.

बोटावरची शाई साबणाने गेली नाही,
नखाबरोबर वाढत वर सरकतेय.

सोमवारी शाळा भरली.
फळा मी पुसला नव्हता.
पहिल्या बाकावरच्या ओसोरियोने विचारलं,
बाई, हे काय काढलंय?
मी त्याला दोन नंबरची ओळ दाखवली. मोज, म्हटलं.
तो उठला, बोट लावून मोजत गेला,
ओठ हलवत, खिडकीपर्यंत,
बाहेर पोलिसांची गाडी उभी होती तिथपर्यंत,
आणि वळून म्हणाला,
तीनशे अठ्ठ्याऐंशी.

एक राहिला, म्हटलं.
पुन्हा मोज.